पिठाचा कोंबडा आणि पाचवी आज्ञा

पाचवी आज्ञा जिवंत माणसाचा जीव घेण्यास मनाई करते. मोबाइलच्या पडद्यावर गोळी लागून कोसळते ते चित्र असते. डाव संपला की तोच गडी पुढच्या डावात पुन्हा उभा राहतो. म्हणून हिंसक व्हिडिओ गेम खेळणाऱ्या कॅथलिकाने 'खून करू नको' ही आज्ञा मोडली, असे म्हणता येत नाही. तरीही प्रश्न शिल्लक राहतो. चर्चने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मशिकवणीच्या ग्रंथानुसार कृत्याचे बरेवाईटपण तीन गोष्टींवर ठरते: काय केले, कोणत्या हेतूने केले आणि कोणत्या परिस्थितीत केले. पहिल्या गोष्टीने खेळणाऱ्याची सुटका झाली, तरी उरलेल्या दोन त्याला सहजासहजी सोडत नाहीत.

हिंसेचे चित्रण मुळातच पाप आहे, ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागते. कॅथलिक बायबलमध्ये दावीद गल्याथाचे शिर कापतो; प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नसलेल्या यहुदिथेच्या पुस्तकात एक विधवा शत्रुसेनापती होलोफेर्नेसचा गळा चिरते, आणि हे प्रसंग चर्चच्या भिंतींवर शतकानुशतके रंगवले गेले. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा ऐकून कोणी खुनी होत नाही. फरक एवढाच की पोवाडा ऐकणारा ऐकतो आणि यहुदिथेचे चित्र पाहणारा पाहतो. गेममध्ये मात्र नेम धरणारा अंगठा खेळणाऱ्याचा स्वतःचा असतो. मारण्याचा निर्णय तो घेतो आणि जमले की आनंदही त्यालाच होतो. त्या आनंदाचे स्वरूप काय, हा या विषयाचा गाभा आहे.

हा प्रश्न बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, कड्यासारख्या बाजारपेठेच्या गावी मांडला की त्याला एक अनपेक्षित आधार मिळतो. कडा नगरच्या बाजूला तोंड करून असलेले गाव. २०२२ च्या सप्टेंबरात अहमदनगर ते आष्टी रेल्वे सुरू झाली तीही कड्यावरूनच. नगर भागात अमेरिकन मिशन १८३१ पासून आणि जेझुइट धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काम करत आले. बीड जिल्हा १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. वसईसारखी कॅथलिकांची दाट वस्ती इथे नाही. या सगळ्या पट्ट्यात कॅथलिक कुटुंबे विखुरलेली आहेत, रविवारच्या मिस्सेने आणि श्रीरामपूरजवळच्या हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेने ती एकमेकांशी बांधलेली असतात. त्यांच्या शेजारी, कड्यातच, जैन मुनी अमोलक ऋषी यांच्या नावाने चालणारी जुनी शिक्षणसंस्था आहे. खोट्या हिंसेबद्दल भारतीय भूमीवर सर्वांत खोल विचार कोणी केला असेल, तर तो जैनांनी.

यशोधर राजाची कथा जैन परंपरेत पुन्हा पुन्हा सांगितली गेली. सोमदेवसूरीने ९५९ मध्ये ती 'यशस्तिलक' या संस्कृत ग्रंथात मांडली, जन्नाने १२०९ मध्ये कन्नडमध्ये आणली, मराठी जैन कवींनीही ती घेतली. उज्जैनचा यशोधर पशुबळी द्यायला तयार नसतो. आईच्या आग्रहापुढे तो निम्मा झुकतो आणि पिठाचा कोंबडा करून देवीपुढे कापतो. रक्त सांडत नाही, जीव जात नाही. तरी त्या एका घावापायी आई आणि मुलगा जन्मोजन्मी पशुयोनीत फिरतात, एकमेकांच्या हातून मरतात आणि शेवटी खरोखरच कोंबडा-कोंबडी होऊन जन्माला येतात. मारण्याचा भाव पुरा होता, म्हणून पिठाने काही वाचवले नाही, असा कथेचा निवाडा आहे.

कॅथलिक विचार हा निवाडा जसाच्या तसा स्वीकारणार नाही. यशोधराने पिठाचा कोंबडा खऱ्या बळीच्या जागी, खरे फळ मिळावे म्हणून कापला. गेममध्ये समोरच्याला पाडणाऱ्या पोराला कोणाचाही मृत्यू नको असतो. दोघांचे हेतू वेगळे आहेत. मात्र निवाड्याचा गाभा येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी जुळतो: मनात वाढवलेला राग आणि मनात जोपासलेली वासना यांना तिथे कृत्याच्याच पंगतीत बसवले आहे. 'खोटेच तर होते' एवढ्यावर या दोन्ही परंपरांमध्ये कोणाची सुटका होत नाही.

नेमकी रेषा कुठे आखायची, हे तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने सांगून ठेवले आहे, आणि गेमच्या बाबतीत त्यापेक्षा धारदार साधन नंतर कोणी दिलेले नाही. वाईट गोष्टीचा विचार करताना माणसाला आनंद झाला तर तो दोन तऱ्हांचा असू शकतो, असे तो म्हणतो. एक, विचार करण्याच्या क्रियेचाच आनंद. दुसरा, ज्या गोष्टीचा विचार चालला आहे त्या गोष्टीचा. युद्धशास्त्र शिकणारा पहिला आनंद घेतो, त्यात दोष नाही. दुसऱ्या प्रकारात मन त्या वाईटाकडेच ओढले जाते आणि जाणूनबुजून तिथे रेंगाळले, तर ते संमती देते. तिथून पाप सुरू होते. खेळाबद्दल अक्विनासची भूमिका उदार होती. विसाव्यासाठी खेळणे त्याने सद्गुणात धरले, नटाचा व्यवसायही मुळात निषिद्ध मानला नाही. अतिरेक आणि क्रूरता यांना मात्र नाही म्हटले.

ही कसोटी भारतात सर्वाधिक गाजलेल्या खेळाला लावून पाहता येते. पब्जीत शंभर गडी विमानातून बेटावर उतरतात, शस्त्रे हुडकतात, सुरक्षित वर्तुळ आकसत जाते आणि अखेर एकच गडी किंवा एकच चमू उरतो. इथला बहुतेक आनंद नकाशा ओळखण्याचा, दबा धरण्याचा, सोबत्याला वेळेवर वाचवण्याचा असतो. हा पहिल्या प्रकारचा आनंद आहे आणि त्यापायी कोणा मुलाला पापी ठरवणे अन्याय होईल. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पब्जीवर बंदी आणली ती सुरक्षेच्या कारणासाठी. पुढल्या वर्षी तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला तेव्हा रक्ताचा रंग हिरवा झाला होता आणि 'मारले' याच्या जागी 'संपवले' अशा अर्थाचा शब्द आला होता. नैतिकदृष्ट्या या रंगकामाने काहीच बदलत नाही. ज्याला चाल रचण्यात रस आहे, त्याचा आनंद लाल रक्तानेही बिघडला नव्हता. ज्याला दुसऱ्याच्या तडफडण्यात रस आहे, त्याला हिरवे रक्तही पुरते.

क्रूरता हेच बक्षीस असलेले खेळही आहेत. रस्त्याने जाणाऱ्या निरपराध माणसाला गंमत म्हणून चिरडणे, छळाची दृश्ये चवीने लांबवणे, यासाठीच एखादा खेळ खेळला जात असेल, तर तिथे चाल आणि कौशल्य ही सबब उरत नाही. २००९ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' मधला एक प्रसंग जगभर वादाचा ठरला. खेळणारा दहशतवाद्यांत मिसळलेला गुप्तहेर असतो आणि विमानतळावरच्या सामान्य प्रवाशांवर गोळीबार चालू असताना त्याला सोबत चालावे लागते. स्वतः गोळी न झाडता पुढे जाता येते, प्रसंग वगळताही येतो. चांगल्या हेतूसाठी वाईट कृत्य करता येत नाही, हे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रापासूनचे तत्त्व तिथे खेळणाऱ्याच्या बोटाशी येऊन उभे राहते. असा प्रसंग एखाद्याच्या विवेकाला जाग आणील, दुसऱ्याचा बधिर करील. याउलट, 'धिस वॉर ऑफ माइन' या २०१४ च्या पोलिश खेळात वेढ्यात अडकलेल्या शहरातले साधे नागरिक जगवायचे असतात. चोरी केली, कोणाला मारले, तर त्या पात्रांचे मन खचत जाते. २०२० मध्ये पोलंड सरकारने तो शालेय वाचनाच्या यादीत घेतला. हिंसा दोन्ही खेळांत आहे. एकात ती ओलांडून पुढे जायची असते, दुसऱ्यात तिचे ओझे वाहावे लागते.

खेळणारा एकटा नसतो, आणि इथे संत ऑगस्टीनची साक्ष मोलाची आहे. 'कन्फेशन्स'च्या सहाव्या भागात त्याने मित्र अलिपियसची हकिकत दिली आहे. रोममध्ये कायदा शिकणाऱ्या या तरुणाला ग्लॅडिएटरच्या झुंजींचा तिटकारा होता. मित्रांनी ओढून नेले तेव्हा तो डोळे मिटून बसला. गर्दीची एक प्रचंड आरोळी उठली, त्याने डोळे उघडले, आणि समोरची क्रूरता तो पिऊ लागला. पुढे तो स्वतः इतरांना ओढून नेऊ लागला. तिथे खरी माणसे मरत होती, म्हणून ही तुलना पूर्ण लागू पडत नाही. पण एकट्याचा निश्चय गर्दीत कसा वितळतो, हे ऑगस्टीनने जे टिपले ते हेडफोन लावून चौघांच्या चमूत खेळणाऱ्याला तंतोतंत लागू आहे.

त्या हेडफोनमध्येच पाचव्या आज्ञेचा खरा भंग घडतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू खुनाच्या आज्ञेचा विस्तार करतो तेव्हा तो हत्यारांबद्दल बोलत नाही. भावावर रागावणाऱ्याबद्दल, त्याला मूर्ख म्हणणाऱ्याबद्दल बोलतो. खेळातली गोळी खोटी असते, माइकवरून दिलेली शिवी खरी असते. ती दूरच्या कोणा जिवंत मुलाच्या कानात पडते, आणि अनेकदा त्यात त्याची आई, त्याची जात, त्याचा धर्म ओढला जातो. जातीवरून उच्चारलेल्या शब्दाचे ओझे काय असते हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगायला नको, आणि नगर-बीड पट्ट्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना तर नकोच; त्यांतल्या अनेकांच्या पूर्वजांनी असल्याच शब्दांमुळे गावकुसाबाहेरचे आयुष्य काढले होते. पापनिवेदनाला गेलेल्या मुलाने किती गडी टिपले हे सांगायची गरज नाही. तो काय बोलला, हे सांगायला हवे.

हिंसक खेळांनी माणसे हिंसक होतात का, या प्रश्नावर मानसशास्त्राने फार गाजावाजा ऐकला आणि तुलनेने थोडे सिद्ध केले. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१५ मध्ये अशा खेळांचा आक्रमकपणाशी संबंध असल्याचा ठराव केला. २०२० मध्ये त्यात सुधारणा करून स्पष्ट केले की ओरडणे, ढकलणे अशा वागण्याशी छोटासा संबंध दिसतो, गंभीर हिंसाचाराशी जोडण्याइतका पुरावा नाही. गोव्याच्या माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांनी २०१९ मध्ये पब्जीला घराघरात शिरलेला राक्षस म्हटले होते. त्या वक्तव्यामागे पालकांची काळजी होती, शास्त्र नव्हते. कॅथलिक विवेकाला मात्र आकडेवारीची वाट पाहावी लागत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात, करमणुकीच्या नावाखाली हिंसेचा गौरव करणाऱ्या व्हिडिओ गेमवर नाव घेऊन टीका केली. त्यांचा रोख खेळणाऱ्या मुलांपेक्षा ते बनवणाऱ्यांवर आणि विकणाऱ्यांवर होता, आणि तो तिथेच असायला हवा.

परिस्थिती ही तिसरी बाजू बीड जिल्ह्यात सर्वांत जड पडते. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात असतात, आणि आईबापांशी बोलण्यासाठी घरात ठेवलेला फोन हाच त्यांचा सोबती होतो. अशा मुलाच्या हातातल्या खेळाबद्दल निवाडा देताना रक्तापेक्षा तासांचा विचार आधी यायला हवा. चर्चच्या शिकवणीप्रमाणे गंभीर पापाला गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि मनापासून संमती, तिन्ही लागतात. जडलेली सवय संमतीची ताकद कमी करते. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या आहारी जाण्याला विकारांच्या यादीत घेतले, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तेव्हा जो सुटू पाहतो आणि सुटत नाही, त्याला दोषी म्हणण्याआधी आजारी म्हणावे लागेल. दोष उरतो तो मोठ्यांच्या वाट्याला: ज्यांनी फोन देऊन गप्प बसवले, ज्या कंपन्यांनी खेळ सोडवणार नाही अशीच त्याची रचना केली, आणि ज्या व्यवस्थेने आईबापांना अर्धे वर्ष मुलांपासून तोडले. हे तिसरे पाप कोणत्याही गेमपेक्षा मोठे आहे.

खेळावे की नाही याचे एक उत्तर ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी संत घोषित केलेल्या कार्लो अक्युटिसच्या आयुष्यात सापडते. १९९१ मध्ये जन्मलेला आणि पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला हा इटालियन मुलगा प्लेस्टेशन आवडीने खेळे, पण आठवड्याला एकच तास; ही मर्यादा त्याने स्वतःला घातली होती, असे त्याच्या आईने सांगितले आहे. त्याची एक तासाची मर्यादा सर्वांना बंधनकारक नाही. खेळणे आणि संतपण एकाच आयुष्यात बसते, एवढे त्यातून खात्रीने म्हणता येते.

ज्याचे मन निर्मळ आहे, ज्याला वेळेचे भान आहे आणि जो माइकवर जीभ आवरतो, अशा प्रौढालाही एक गोष्ट उरते. कॅथलिक शिकवणीत दुसऱ्याला अडखळण होणे हे पाचव्या आज्ञेखालीच येते, कारण जीव घेण्याइतकेच कोणाचा आत्मा बिघडवणे तिथे गंभीर मानले आहे. एकाच खोलीच्या घरात थोरला भाऊ खेळतो तेव्हा धाकटा खांद्यावरून पाहतो. थोरल्याला चाल दिसते, सहा वर्षांच्या धाकट्याला माणूस पडताना दिसतो आणि भाऊ हसताना दिसतो. अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी म्हणून शिक्का मारलेला खेळ त्याच्यासमोर खेळणे हे थोरल्याचे कृत्य आहे, मग त्याचा स्वतःचा हेतू कितीही स्वच्छ असो. आणि धाकटा झोपेपर्यंत थांबणे त्याच्या हातात असते.