परत फिरायची जागा

शांत बसा. डोळे मिटलेत तरी चालेल.

बारामतीच्या विमानतळावर नुकतं उजाडलं आहे. तीन सेसना ओळीने उभ्या आहेत, मधली तुमची. इन्स्ट्रक्टर आज खालीच थांबणार. जायचं आहे कोल्हापूरला, उजळाईवाडीच्या धावपट्टीवर. सरळ रेषेत सुमारे ९५ सागरी मैल, म्हणजे १७५ किलोमीटर. तिघं दहा-दहा मिनिटांच्या अंतराने निघणार.

पहिला मित्र उडाला. त्याच्या इंजिनाचा आवाज पुरता विरेपर्यंत काहीच करू नका. पोटात काय चाललं आहे तेवढं पाहा. ही भीती आहे, की मागे पडू नये म्हणूनची घाई? पहिल्यांदा दोन्ही सारख्याच वाटतात. कुठली कुठली ते कळू द्या, मगच चावीला हात घाला.

आता तुम्ही वर आहात. नीरा मागे पडली. उजवीकडे फलटण, समोर महादेवाचे डोंगर. ९० नॉटच्या वेगाने वडूज यायला पंचवीसेक मिनिटं लागतात. मांडीवरच्या नकाशात पेन्सिलीने ओढलेली रेघ आहे आणि वडूजपाशी तिच्यावर एक बारीक आडवी खूण. काल रात्री, डोकं थंड असताना, तुम्हीच ती केलीत. इथून पुढचं स्वच्छ दिसलं नाही तर परत फिरायचं, एवढाच तिचा अर्थ.

गळिताचा हंगाम आहे. एखाद्या कारखान्याची चिमणी शोधा आणि धुराकडे नीट बघा. धूर पश्चिमेला झुकला असेल तर वारा पूर्वेचा आहे, आणि तुम्ही नकळत उजवीकडे, कऱ्हाडच्या अंगाला ढकलले जाताय. साठ मैलांत एक मैल सरकलात तर एक अंशाचा फरक. नाक थोडं डावीकडे घ्या. श्वास सोडा.

रेडिओवर मित्र म्हणतो, पुढे कृष्णाकाठी धुरकट आहे, पण मी चाललोय.

इथे थांबू या, कारण सगळा प्रवास या एका वाक्यात आहे. तो पंधरा मैल पुढे आहे. त्याला दिसतं ते त्याचं आकाश. त्याच्या आवाजाने तुमच्या काचेपुढचं धुकं विरळ होत नाही, तरी तसं वाटतं खरं. गटाने उडण्याचा सगळ्यात मोठा धोका मला हाच वाटतो: तो गेला म्हणजे मलाही जमेल. सोबत धीर देते, तशीच भरीलाही घालते. जोतिबाच्या चैत्र यात्रेतली सासनकाठी आठवा. दोर चारी बाजूंनी इतरांच्या हातात असतात, पण काठीचा भार ज्याने पेलला त्यालाच कळतं की पाय टिकतोय की नाही. पुढच्याने वाऱ्याची, ढगांची खबर जरूर द्यावी. ‘ये’ म्हणू नये.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एकटे जुहूला उतरले, तेव्हा पुढचं हवामान सांगणारं कोणी रेडिओवर नव्हतं. उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये सुरू केला, तेव्हाही वैमानिकाची भिस्त नद्या, डोंगर आणि रुळांवरच असे.

आता मनातल्या मनात दोन्ही वाटा उडून पाहा. धुकं विरळ असेल तर कृष्णा, मग वारणा, मग पंचगंगा, उजवीकडे लांबवर जोतिबाचा डोंगर आणि समोर धावपट्टी. दाट असेल तर वडूजच्या खुणेवरून सावकाश वळण, रेडिओवर स्पष्ट शब्दांत ‘परत फिरतोय’, आणि पुन्हा नीरा. दुसरी वाट पहिलीइतकीच सहज उडता येते का? येत नसेल तर पुन्हा बसा, पुन्हा उडा.

तुम्ही ज्यासाठी शिकताय त्या व्यावसायिक परवान्याला एकूण २०० तास लागतात. त्यातले २० तास स्वतः कमांडर म्हणून दूरच्या उड्डाणांचे, आणि त्यात एकदा दोन वेगळ्या विमानतळांवर उतरत केलेला किमान ३०० सागरी मैलांचा पल्ला. आज अर्ध्यातून फिरलात तर हे उड्डाण पुढच्या आठवड्यात पुरं करता येईल.

तिघं मिळून निघणार असाल, तर चहाच्या टपरीवरच एकमेकांना शब्द द्या: जो परत फिरेल, त्याला ‘का फिरलास’ असं कोणी विचारणार नाही.