वाचवलेलं कोणाचं?

स्पेनमध्ये पिरेनीज पर्वतातल्या बोई खोऱ्यात ताउल नावाचं छोटंसं गाव आहे. तिथलं सांत क्लिमेंत चर्च १० डिसेंबर ११२३ रोजी बिशपच्या हस्ते पवित्र केलं गेलं. ती तारीख आतल्या एका खांबावरच रंगवून ठेवलेली होती. तीन दालनं, जाड गोल दगडी खांब, वर लाकडी छप्पर, बाजूला उंच सडसडीत घंटाघर. बांधणी साधीच. पण आपल्या गाभाऱ्याच्या जागी तिथे जो अर्धगोल कोनाडा असतो, त्यात टपोऱ्या डोळ्यांचा, भव्य ख्रिस्त रंगवलेला होता.

'होता', कारण तो आता बार्सिलोनाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मूर इथल्या चर्चमधली चित्रं विकली गेली आणि थेट बॉस्टनला पोचली. बाकीचीही जातील म्हणून बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने १९१९ ते १९२३ या काळात खोऱ्यातली चित्रं विकत घेऊन उतरवली. चित्रावर सरसाने कापड चिकटवायचं, वाळलं की ओढायचं. रंगाचा थर कापडासोबत सुटून येतो.

हे बरोबर होतं का? मला वाटतं, हो. पण चोराच्या हातून वाचवलेली वस्तू वाचवणाऱ्याची होते का? 'परत करा' म्हणणंही सोपं नाही, कारण ते चित्र पुन्हा हलवणं म्हणजे पुन्हा धोका. एका पिढीचा निर्णय पुढच्या सगळ्या पिढ्यांचा झाला. मी सॉफ्टवेअर लिहितो. तिथे चुकलं तर मागच्या आवृत्तीवर जाता येतं, आणि प्रत व मूळ यांत फरकच नसतो. भिंतीला या दोन्ही सोयी नाहीत.

नंतर चर्चमध्ये त्या चित्राची रंगवलेली प्रत बसवली. पुढे ती काढली, आणि मागे राहिलेले मूळ रंगांचे तुकडे लोकांसमोर आले. २०१३पासून तिथे प्रकाशाने चित्र उमटवतात. काही मिनिटं भिंत भरून जाते, मग दिवा विझतो आणि उरतो तो खरवडलेला दगड.

मला प्रतीपेक्षा हा प्रकाश जास्त प्रामाणिक वाटतो. प्रत म्हणत होती, काही घडलंच नाही. प्रकाश विझतो आणि काय गेलंय ते दाखवतो. एखाद्याचं काही आपण घेतलं असेल, अगदी चांगल्या हेतूने, आणि ते परत देता येत नसेल, तर निदान ती रिकामी जागा झाकू नये. एवढं तर आपल्याला जमू शकतं.