सोंग

श्रावणात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. आता ती डिझाइन शिकते. अभ्यासासाठी तिने प्रश्नावली आणली होती : इन्स्टाग्रामवर आपण जसे आहात तसेच दिसता काय?

मी हसलो. म्हटले, "पंचवटीत राहणाऱ्याला हे विचारतेस? इथेच मारीच सोन्याचा मृग झाला नि रावण गोसावी!"

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'त तारामती झाले अण्णा साळुंके. पण खेळाला जाणारा सोंग पाहायलाच जातो. भिक्षा घालणाऱ्या सीतेला ते ठाऊक नव्हते. तेव्हा दोष सोंगात नाही, ते लपविण्यात आहे, असे मी मास्तरी थाटात लिहून दिले.

शेवटचा प्रश्न होता : न टाकलेला फोटो कोणता?

रामकुंडावर आईचा हात धरलेला माझा फोटो पुष्कळांनी वाखाणला होता. त्याआधी पायऱ्या उतरताना, ती सावकाश चालते म्हणून मी तिच्यावर खेकसलो होतो. पदराने डोळे टिपणाऱ्या आईचा आधीचा फोटो अजून मोबाइलात आहे. चुकून निघालेला.

तो रकाना मी कोराच ठेवला. आतून आई विचारीत होती, "पोरीला चहा दिलास का रे?"