सभेंत बोलणाऱ्याचा हेतु

मनुष्य घरीं बोलतो तेव्हां त्याच्या शब्दांचा भार एकदोघांवर पडतो. सभेंत बोलतो तेव्हां तो सगळ्या गांवावर पडतो. म्हणून चारचौघांत बोलावयास उभें राहणाऱ्यानें "मला बोलतां येतें काय?" एवढेंच नव्हे, तर "मी कशासाठीं बोलत आहें?" हेंही स्वतःस विचारिलें पाहिजे.

ग्रीक तत्त्ववेत्ता आरिस्टाटल यानें सुमारें तेवीसशें वर्षांपूर्वीं सार्वजनिक भाषणांचे तीन प्रकार सांगितले: कोणाची स्तुति अथवा निंदा करणारें, मागें जें घडलें त्याचा न्याय मागणारें, आणि पुढें काय करावें याविषयीं सल्ला देणारें. हे तिन्ही प्रकार आपल्या नंदुरबार जिल्ह्यांत आजही पाहावयास सांपडतात.

प्रथम स्तुतीचें भाषण घेऊं. ता. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं नंदुरबार शहरांत तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनीं गोळीबार केला, आणि पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती प्राणांस मुकले. त्यांच्या स्मरणार्थ भाषणें व्हावीं हें योग्यच आहे. ऐकणाऱ्या मुलांनीं त्या धैर्याकडे पाहून आपलें आचरण तपासावें, हा अशा भाषणाचा हेतु. परंतु वक्ता हुतात्म्यांचीं नांवें दोन वाक्यांत उरकून आपल्याच पक्षाची थोरवी गाऊं लागला, तर त्यानें मृतांचा मान चोरिला असें म्हणावें लागेल.

दुसरें भाषण पंचांपुढील. सातपुड्याच्या कांहीं गांवांत मूल दगावलें किंवा गुरूं मेलें म्हणजे एखाद्या निराधार बाईस डाकीण ठरविण्याची दुष्ट चाल अद्यापि समूळ गेलेली नाहीं. महाराष्ट्रांत २०१३ सालीं झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानें असा छळ गुन्हा ठरविला आहे. अशा बैठकींत आरोप करणारा मोठ्यानें बोलतो, जमाव हुंकार देतो, आणि जिच्या जिवाचा प्रश्न ती मात्र मुकी उभी असते. न्यायाच्या भाषणाचा हेतु सत्य शोधणें हा होय. दुसऱ्या बाजूस बोलूं न देतां केलेलें भाषण कितीही ओघवतें असो, तें न्याय नव्हे. ती अन्यायाची दवंडी होय.

तिसरें, सल्ल्याचें भाषण. नवापूर, तळोदें, अक्कलकुवा व अक्राणी हे आपले तालुके अनुसूचित क्षेत्रांत मोडतात. अशा क्षेत्रांत जमीन संपादण्यापूर्वीं ग्रामसभेचा अथवा पंचायतीचा विचार घेतला पाहिजे, असें १९९६ च्या पेसा कायद्यानें ठरविलें. आतां समजा, बाहेरून आलेला गृहस्थ ग्रामसभेंत तासभर शुद्ध मराठींत बोलला. ऐकणाऱ्यांची बोली पावरी, मावची किंवा भिल्ली. आणि शेवटीं सर्वांचे हात वर झाले. त्यांनीं संमति दिली काय? हात वर केले, एवढेंच खरें. याच्या उलट, १९३८ च्या सुमारास तळोदें तालुक्यांतील मोरवडचे गुलाम महाराज यांनीं आपल्या भिल्ल बांधवांस दारू सोडा असें सांगितलें. काय सोडावयाचें हें प्रत्येकास कळत होतें; म्हणूनच सोडावें कीं न सोडावें, हेंही ज्याचें त्यास ठरवितां येत होतें.

कोणी म्हणेल, "हेतु चांगला असल्यास लोकांस थोडें फसवून वळविलें तर काय बिघडलें?" बिघडतें तें हें: गुराला हाकावयाचें असतें, माणसाला समजवावयाचें असतें. मन वळविणें हें पाप नव्हे. पण वळवीत असतां "मी केवळ माहिती सांगतों" असें भासविणें, शोकसभेंत मतें मागणें, सल्ल्याच्या नांवाखालीं धाक घालणें, हें ऐकणाऱ्याचें मनुष्यत्व नाकारणें होय. उपदेशकानेंही हें विसरूं नये.

तर वाचकहो, बोलावयास उभे राहाल तेव्हां आपला हेतु पहिल्याच वाक्यांत उघड सांगा, आणि शेवटीं प्रश्नांसाठीं वेळ ठेवा. आणि ऐकावयास बसाल तेव्हां, समजलें नाहीं असें म्हणावयास लाजूं नका. मागच्या रांगेंतील एका म्हातारीनें उठून "बाबा, हें आमच्या बोलींत सांग" असें म्हटलें, तर त्या दिवसाचें सर्वांत उपयोगी भाषण तिचेंच झालें असें समजावें.