पियानो नाही, बासही नाही

मे २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा शहरात, लोबेरो थिएटरमध्ये, बिली हिगिन्स या ड्रमवादकाच्या स्मरणार्थ मैफल झाली. हिगिन्स २००१ मध्ये गेले. त्यांचे जिवलग मित्र, सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड, मैफलीच्या वेळी ६६ वर्षांचे होते. त्यांनी सोबतीला दोघांनाच घेतले: ड्रम्सवर ह्यूस्टनचा तरुण एरिक हारलंड आणि तबल्यावर माहीमचे झाकीर हुसेन. या मैफलीचे ध्वनिमुद्रण ईसीएम कंपनीने २००६ मध्ये ‘संगम’ या नावाने प्रसिद्ध केले. समकालीन जॅझमधल्या थेट मैफलींच्या अल्बममध्ये त्याची जागा फार वरची आहे, आणि मराठी रसिकाने तर तो आवर्जून ऐकायलाच हवा.

कारण या मैफलीत काय नाही, ते आधी कानात भरते. जॅझमध्ये सॅक्सोफोनच्या मागे सहसा पियानो असतो, तो स्वरसंगतीची चौकट पुरवतो. बास खालचा सूर धरून ठेवतो. सनी रॉलिन्स यांनी १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमधल्या मैफलीत पियानो काढून टाकला. जॉन कोल्ट्रेन यांनी १९६७ मध्ये ‘इंटरस्टेलर स्पेस’ या अल्बमसाठी बासही वगळला, समोर फक्त रशीद अली यांचे ड्रम्स ठेवले. लॉइड त्याच वाटेने जातात. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की त्यांच्याजवळ तबला आहे.

झाकीरभाई डग्ग्यावर मनगट दाबत पुढे सरकवतात तेव्हा घुमारा वर चढतो, दाब सुटला की खाली उतरतो. मैफलीत साथीला बसलेल्या तबल्यात ही मींड आपण ओझरती ऐकतो. इथे बासची जागा रिकामी असल्याने तीच मींड सॅक्सोफोनच्या पायाखालची जमीन होते; लॉइड एखादा सूर लांबवतात आणि डग्गा त्याच्याखालून सरकत जातो. उजव्या हाताचा तबला तर सुरात लावलेलाच असतो. तानपुरा नाही, तरी आधारस्वराची आठवण चाटेच्या प्रत्येक आघातासरशी ताजी होत राहते. हेडफोन लावून फक्त डग्ग्याच्या मागे जात एकदा तरी हा अल्बम ऐकावा.

दोन तालवाद्ये एकत्र आली की फ्यूजनच्या कार्यक्रमात हमखास सवाल-जवाब सुरू होतात, लय चढत जाते, तिहाईवर टाळ्या पडतात. त्यात कौशल्य असते, पण ऐकणे कमी असते. हारलंड आणि झाकीरभाई या सापळ्यात क्वचितच अडकतात. एकाने झांजांचा झिरझिरीत पडदा धरला की दुसरा बोल विरळ करतो. दोघांनाही गप्प राहता येते, आणि या अल्बमचा दर्जा ठरतो तो बराचसा त्यावरच. लॉइड मध्येच पियानोवर बसतात, बासरी घेतात, तारोगातो हे हंगेरियन लाकडी वाद्यही वाजवतात. या अदलाबदलीत कुठे कुठे ताण सैल पडतो, हेही खरे. ‘गुमान’ ही झाकीरभाईंची रचना. तिच्यात ते गातात.

लॉइड यांचा टेनर सॅक्सोफोन मात्र कधीच सैल पडत नाही. हा आवाज रॉलिन्ससारखा भरदार नाही. त्यात फुंकर जास्त, कंप जास्त. वाक्य सुरू होते आणि पूर्ण होण्याआधीच हवेत विरते. मॉन्टेरी जॅझ महोत्सवात १९६६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ‘फॉरेस्ट फ्लॉवर’ या अल्बमने त्यांना अफाट लोकप्रियता दिली. तरीही पुढे ते जॅझच्या धबडग्यातून बाजूला झाले आणि कॅलिफोर्नियातल्या बिग सरच्या किनाऱ्यावर कित्येक वर्षे राहिले. १९८० च्या दशकात तरुण पियानोवादक मिशेल पेत्रुचियानी यांच्या निमित्ताने ते मंचावर परतले. ‘संगम’मध्ये ऐकू येतो तो परतून आलेला वादक. लोकांना जिंकण्याची घाई त्याला उरलेली नाही, म्हणून एकेका स्वराभोवती तो निवांत रेंगाळू शकतो. ख्यालातली बढत ऐकत वाढलेल्या श्रोत्याला हे रेंगाळणे परके वाटणार नाही.

लॉइड आणि झाकीरभाई पुढे ‘सेक्रेड थ्रेड’ या अल्बममध्येही एकत्र आले. २०२० मध्ये, महामारीच्या काळात, प्रत्यक्ष श्रोत्यांविना झालेले हे वादन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हारलंडच्या जागी ज्युलियन लाज यांची गिटार आहे. गिटार आली की स्वरसंगतीही आली, आणि डग्ग्यावरचा भार हलका झाला. दोन्ही पाठोपाठ ऐकले, तर लोबेरोमध्ये त्या तिघांनी केवढी जोखीम उचलली होती ते समजते.