बाबा आळशी झालेले नाहीत

चि. सौ. मेधा हिस,


परवा फोनवर तू बाबांच्या हाताच्या कंपाबद्दल बरंच विचारलंस, आणि ठेवता ठेवता म्हणालीस, "हल्ली फार आळशी झालेत गं, पेपरसुद्धा उघडत नाहीत." मला कंपापेक्षा या पेपरची काळजी जास्त वाटते.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी 1817 मध्ये बाबांच्या या पार्किन्सन्स आजाराचं वर्णन केलं, तेव्हा बुद्धी शाबूत राहते असं लिहिलं होतं. घरोघरी अजून तोच समज आहे, आणि तो खरा नाही. मेंदूत जे डोपामाइन कमी पडतं, ते केवळ हातपाय हलवण्यापुरतं नसतं. काही करावंसं वाटायलाही तेच लागतं. मूड सांभाळणारी इतर रसायनंही बिघडतात. म्हणून नैराश्य हे या आजाराचंच अंग आहे. कित्येकांना ते कंप दिसायच्या आधी काही वर्षं गाठतं.

त्यातही दोन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या. उदास माणूस खंतावतो, स्वतःला दोष देतो. निरिच्छ माणसाला दुःखही नसतं, आतून उठवणारंच काही उरलेलं नसतं. उदासीवर औषधं आहेत, समुपदेशन आहे. निरिच्छतेला वेळापत्रक आणि सोबत लागते. "फिरायला जायचं का?" असं विचारलंस की "नको"च येणार. ठरल्या वेळी चपला पुढे ठेव आणि बरोबर नीघ. आणि चेहऱ्यावरून मन ओळखायला जाऊ नकोस. या आजारात चेहऱ्याच्या हालचालीच कमी होतात. नातू आल्यावर ते हसले नाहीत म्हणजे त्यांना आनंद झाला नाही, असं मुळीच नाही.

विचारांचंही तसंच. विसरण्याआधी अडखळते ती आखणी. बँकेत आधी काय, मग काय, याचा मेळ बसत नाही. उत्तर येतं, पण उशिरा. तुझी आई त्यांचं वाक्य घाईने पुरं करते, तिला तेवढं थांबायला सांग. चालताना त्यांच्याशी बोलू नका. पावलांकडे मुद्दाम लक्ष द्यावं लागत असताना ते दुसरीकडे गेलं की तोल जातो.

एक वही कर. गोळी कधी घेतली आणि घाबरंघुबरं कधी झालं, हे शेजारी शेजारी लिही. गोळीचा अंमल उतरताना पुष्कळांना अशी धास्ती वाटते. मग डॉक्टर गोळ्यांच्या वेळाच बदलून पाहतात. नसलेली माणसं किंवा प्राणी दिसतात का, हेही बाबांना शांतपणे विचार. लोक वेडं समजतील म्हणून ते आपणहून सांगणार नाहीत. अचानक गोंधळले तर लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं किंवा नवी गोळी यांतलं काही असू शकतं. त्याच दिवशी दाखवा. कंपावरच्या काही जुन्या गोळ्या उतारवयात विस्मरण वाढवतात, तर काही औषधांनी खरेदीचं किंवा जुगाराचं वेड लागतं. तरी आपल्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही. एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

तुमच्या पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. बाबांबरोबर आईलाही तिथे ने. दिवसभर एकटीने सांभाळणाऱ्या बाईचंही मन खचतं, आणि तिला कोणी विचारत नाही.

"आता जगून काय करायचं" असं बाबा कधी बोलले तर वयाचं बोलणं म्हणून सोडून देऊ नकोस. लगेच डॉक्टरांना फोन कर. नाहीतर येत्या तपासणीपर्यंत थांब, पण त्या दिवशी कंपाच्या आधी मनाचं आणि विचारांचं सांग. तू सांगितल्याशिवाय ते डॉक्टरांना कळणार नाही.

तुझी,
मावशी