न झालेल्या प्रवासाचे ओरखडे

जी झीज कधी झालीच नाही ती रंगवून दाखवणं हा खोटेपणा आहे का? हा प्रश्न मला आमच्या आबांनी विचारला. ते पंढरीचे वारकरी. मी धाराशिवच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि सुट्टीत अंतराळयानांची मॉडेलं जोडून रंगवतो. टेबलावर ‘स्टार वॉर्स’मधलं मिलेनियम फाल्कन वाळत ठेवलं होतं. आबांनी ते सगळ्या बाजूंनी निरखलं आणि म्हणाले, “लई फिरून आलेलं दिसतंय. कुठं गेल्तं हे?” मी म्हटलं, कुठंच नाही, हे डाग आणि ओरखडे मीच रंगवलेत. तेव्हा ते म्हणाले, “मग ही खोटी साक्ष झाली की रं.”

आबा हे गमतीनं म्हणाले नव्हते. गळ्यात माळ असलेला माणूस खोट्या साक्षीला पापच मानतो. म्हणून त्यांना उत्तरही तेवढ्याच गांभीर्यानं द्यायला हवं होतं. ते मी इथं मांडतो आहे.

आधी हे काम कसं चालतं ते सांगतो. किटमधले प्लॅस्टिकचे भाग सुटे करून, पॉलिश पेपरनं घासून जोडायचे. त्यावर करडा प्रायमर. मग पत्र्यांच्या सांध्यांवरून काळपट तपकिरी रंगाच्या रेषा फिरवायच्या आणि त्यावर मळकट पांढऱ्याचे इतके पातळ हात द्यायचे की खालची सावली पुसट दिसत राहील. दोन-चार पत्रे विटक्या लाल नाहीतर पिवळ्या रंगाचे ठेवायचे, म्हणजे ते दुसऱ्या जहाजाचे काढून इथं बसवल्यासारखे वाटतात. नंतर चकचकीत वॉर्निश, कारण पुढं टर्पेंटाइन वापरायचं असतं आणि ते उघड्या प्लॅस्टिकला खातं. आता तैलरंगाच्या नळीतला बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ करायचा आणि भरलेल्या ब्रशचं टोक एका खाचेला नुसतं टेकवायचं. रंग आपोआप खाचेतून धावत जातो, कोपऱ्यावर वळतो, खिळ्याच्या डोक्याभोवती गोल कडं करून थांबतो. वरचा जादा रंग टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळलेल्या कापसाच्या काडीनं पुसायचा. फोमचा तुकडा गडद रंगात बुडवून, कागदावर जवळजवळ कोरडा करून कडांवर टिपला की रंगाचे टवके उडाल्यासारखे दिसतात. इंजिनाच्या तोंडाशी काजळी हवी, तिथं पेस्टल खडूची पूड चालते. शेवटी मॅट वॉर्निश.

किट निवडतानाच झीज किती आणि कशी हा प्रश्न अर्धा सुटतो. माझ्यासमोर दोन जहाजं होती. एक 1968 च्या ‘2001 : अ स्पेस ओडिसी’मधलं डिस्कव्हरी. पांढरंशुभ्र, लांबलचक, डाग नसलेलं. ते कोणत्याही ग्रहाच्या वातावरणात उतरण्यासाठी बांधलेलंच नाही. त्याला धूळ लागणार कुठून आणि चिखल उडणार कुठून? त्याची स्वच्छता त्याच्या आयुष्याला धरून आहे. दुसरं फाल्कन. 1977 च्या पहिल्या चित्रपटासाठी कारागिरांनी ते घडवलं तेव्हा रणगाडे, विमानं, गाड्या यांच्या बाजारात मिळणाऱ्या किटांमधले भाग काढून त्याच्या अंगावर चिकटवले. दिग्दर्शक जॉर्ज लुकासला वापरलेलं, दुरुस्त करत करत चालवलेलं जग हवं होतं. मी फाल्कन घेतलं, कारण त्याच्या प्रत्येक पत्र्यावर काहीतरी घडून गेलेलं असतं आणि ते काय असेल याचा विचार रंगवणाऱ्याला करावा लागतो. 1/72 प्रमाणातलं फाल्कन अठ्ठेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास भरतं. मी त्याच्या निम्म्या आकाराचं, 1/144 चं घेतलं. या प्रमाणात मिलिमीटरभर ओरखडा म्हणजे मूळ जहाजावर जवळजवळ साडेचौदा सेंटिमीटरची जखम. हात जरा जड पडला की जहाज प्रवासातून आल्यासारखं न दिसता भंगारातून आणल्यासारखं दिसतं.

म्हणून माझा एक नियम आहे. कारण सांगता येत नसेल तर खूण करायची नाही. अंतराळात गंज चढत नाही, गंजाला प्राणवायू आणि ओलावा लागतो. तेव्हा तांबूस ओघळ रंगवायचा असेल तर जहाज दमट हवेच्या ग्रहावर पुष्कळ दिवस उभं होतं असं मानावं लागतं. आणि उभं होतं तर ओघळ खाली येणार, उडत्या दिशेनं मागं जाणार नाही. ओघळ कसा उतरतो हे मी नळदुर्गात पाहून शिकलो. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यात 1613 साली बांधलेल्या पाणीमहालाशी मुलांना चित्रं काढायला नेतो तेव्हा आधी भिंत वाचायला सांगतो. ओघळ सांध्यातून सुरू होतो. वर बारीक आणि गडद असतो, खाली पसरत फिका होतो. दगडाचा उंचवटा आडवा आला की त्याला वळसा घालतो. हे सगळं पाण्याच्या आणि दगडाच्या स्वभावानं होतं.

खऱ्या यानांची झीजही अशीच कारणाला बांधलेली आहे. 1983 साली चॅलेंजर यान परतलं तेव्हा त्याच्या खिडकीच्या काचेवर एक छोटा खड्डा सापडला. तपासणीत निघालं की रंगाचा एक सूक्ष्म कण येऊन आदळला होता. कक्षेत वस्तू सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानं जात असतात, तिथं रंगाची खपलीही गोळीसारखी लागते. अमेरिकेच्या नासानं 1984 मध्ये एलडीईएफ नावाचा, निरनिराळ्या पदार्थांचे नमुने बसवलेला उपग्रह कक्षेत सोडला आणि 1990 मध्ये तो परत आणला. त्याच्या अंगावर सूक्ष्म उल्का आणि कचऱ्याच्या कणांचे हजारो आघात होते. शास्त्रज्ञांनी ते तपासून कोणत्या दिशेनं काय येऊन लागलं ते काढलं. उपग्रहाच्या अंगावरच त्याचा प्रवास लिहिलेला होता.

खुणेवरून घडलेलं ओळखणं हा आपल्याकडे तत्त्वज्ञानाचा जुना विषय आहे. न्यायदर्शनात त्याला शेषवत् अनुमान म्हणतात. नदी फुगून जोरात वाहते आहे, म्हणजे वरच्या अंगाला पाऊस झाला. तेरणेकाठच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पण न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आबांचाच आक्षेप आधी मांडून ठेवला आहे. पूर्वपक्ष म्हणतो, नदी बांध घातल्यानंही फुगते. मोराचा आवाज माणूसही काढतो. मग खुणेवर विश्वास कसा ठेवायचा? सिद्धान्ती उत्तर देतो की ती खूणच वेगळी असते. भाष्यकार वात्स्यायन सांगतो, पावसानं आलेल्या पुराबरोबर वेग असतो, फेस असतो, पानं आणि लाकडं वाहून आलेली असतात. नीट पाहणाऱ्याला फरक कळतो. दोष अनुमानाचा नसतो, पाहणाऱ्याच्या घाईचा असतो.

मोराचा आवाज काढणारा माणूस तो मीच. फोमच्या तुकड्यानं मी फेस, पानं आणि लाकडंसुद्धा रंगवतो. मग नीट पाहणाराही फसेल. ही फसवणूक नाही का?

इथं मला संस्कृत काव्यशास्त्रातल्या श्रीशंकुकाचा आधार वाटतो. रंगभूमीवरचा राम पाहताना प्रेक्षकाला काय वाटतं, या प्रश्नावर त्यानं चित्रतुरगाचा दृष्टान्त दिला. त्याचं म्हणणं अभिनवगुप्ताच्या टीकेत जपलं गेलं आणि मराठी वाचकाला ते ग. त्र्यं. देशपांड्यांच्या ‘भारतीय साहित्यशास्त्रा’तून ओळखीचं आहे. चित्रातला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो. ते ज्ञान खरं नसतं, कारण त्यावर बसता येत नाही. ते खोटंही नसतं, कारण कुणी खोगीर घेऊन धावत नाही. तो संशय नाही आणि नुसतं साम्यही नाही. ती या चारही प्रकारांपलीकडची वेगळीच जाणीव आहे. माझं फाल्कन चित्रातल्या घोड्याच्या जातीचं आहे. ते पाहणारा प्रत्येक जण हे प्लॅस्टिक आहे हे जाणून त्याचा प्रवास मनात उभा करतो. आबांनी ‘कुठं गेल्तं’ विचारलं तेव्हा त्या क्षणी त्यांच्याही मनात ते जहाज कुठूनतरी आलं होतं. आणि माझ्या तोंडून खरं ऐकल्यावर कुणाचं काही हिरावलं गेलं नाही. साक्ष खोटी ठरते ती कुणाचा तरी न्याय तिच्यावर अवलंबून असतो तेव्हा. इथं कुणाचाच न्याय अवलंबून नाही. माझ्यावर जबाबदारी एवढीच की मोराचा आवाज काढायचा तर तो मोरासारखाच आला पाहिजे. कार्यकारणाचा नियम मी मोडला तर मात्र ते चित्रही खोटं.

पण हीच सूट माणसाला देता येत नाही, आणि हे सांगायला धाराशिव जिल्ह्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. तेरला संत गोरोबाकाका कुंभारांची समाधी आहे, सन 1317 ची. ज्ञानदेवादी संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईनं थापटणं दाखवून विचारलं, हे काय? काका म्हणाले, याच्यानं मडकं पक्कं की कच्चं ते कळतं. मग आमचीही पारख करा, असा आग्रह झाला. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे शांत बसले, नामदेव मात्र चिडले. काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं. कुंभार डोळ्यांवर विसंबला नाही हे मला या कथेत सगळ्यात मोठं वाटतं. कच्च्या मडक्याला गेरू लावून भाजल्याचा रंग आणता येतो. भाजल्याचा आवाज आणता येत नाही. नामदेवांनीही पुढं रंग शोधला नाही. ते विसोबा खेचरांकडे गेले आणि भट्टीत उतरले. विरक्ती, अनुभव, तप यांची झीज जो अंगावर रंगवून घेतो त्याच्यावर लोक आपला संसार, मुलं, पैसा सोपवतात. तिथं पाहणाऱ्याला आधीपासून ठाऊक नसतं की हे चित्र आहे. म्हणून ती खोटी साक्ष. आबांचा शब्द तिथं पुरता लागू पडतो.

जहाजाचं झालं, माणसाचं झालं. आणि दगडाचं काय? जुन्या देवळाची पायरी बारकाईनं पाहा. मधोमध, जिथं पावलं पडतात, तिथं ती खोलगट आणि गुळगुळीत झालेली असते. दोन्ही कडांना, भिंतीलगत, टाकीचे घाव अजून शाबूत असतात. त्या दोन पोतांमध्ये कित्येक पिढ्यांची ये-जा असते. तिथं पाय ठेवून गेलेल्यांपैकी बहुतेकांचं नाव कुठंच लिहिलेलं नाही, फक्त ही झीज तेवढी आहे. पंढरपुरात पदस्पर्शानं विठ्ठलाच्या पावलांची झीज होते, म्हणून 2020 साली आषाढीआधी विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींना पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून वज्रलेप झाला. मला तो योग्य वाटतो. वज्रलेप झीज काही काळ रोखतो, झालेली पुसत नाही. भक्तांनी जे केलं ते पावलांवर तसंच राहतं आणि पावलंही राहतात.

आपल्या गावोगावच्या देवळांत मात्र उलटं चाललेलं दिसतं. जत्रा जवळ आली की काळ्या पाषाणाच्या खांबांवर पिवळा आणि गुलाबी ऑइलपेंट चढतो. उंबऱ्यावर फरशी बसते. हेतू श्रद्धेचाच असतो, त्याबद्दल मला शंका नाही. पण तैलरंगानं दगडाची छिद्रं बुजतात, आतला ओलावा अडतो, आणि नंतर कुणी वाळूच्या फवाऱ्यानं तो रंग काढायला गेलं की कोरीव काम सोबत खरवडून निघतं. रंग आणि हौस यांच्यावर माझं फार प्रेम आहे, म्हणूनच विनंती करतो. देवळाच्या कमिटीत असाल तर रंगाचे डबे आणण्याआधी तो दगड एकदा हातानं चाचपून पाहा. त्यावरची साक्ष खरी आहे आणि ती देणारे परत येणार नाहीत. हौस भागवायला प्लॅस्टिकची जहाजं आहेत. दगड आहे तसा राहू द्या.